एका मात्रेचा फरक

ऑक्टोबर संपत आलेला असतो. शुक्रवारच्या सकाळी चिपिंग क्लेगहॉर्न नावाच्या एका इंग्लिश खेड्यात पेपर टाकणारा पोरगा सायकलवरून घरोघरी फिरतो. प्रत्येक घरी लंडनचं एखादं दैनिक, आणि शुक्रवार म्हणून सोबत गावचं छोटं साप्ताहिक. मोठ्या पेपरातलं जग वरवर चाळून होतं आणि मग सगळे वळतात साप्ताहिकातल्या छोट्या जाहिरातींकडे. कुणाला घरकामाला बाई हवी, कुणाला कुत्रा विकायचा, कुणाकडे जुनं फर्निचर आहे. त्या दिवशी याच जाहिरातींमध्ये एका खुनाची आगाऊ सूचना असते. आज, २९ ऑक्टोबरला, संध्याकाळी साडेसहाला, लिटल पॅडॉक्स या घरी. आपल्याकडे लग्नपत्रिकेत वेगळ्या बोलावण्याची वाट पाहू नका असं सुचवलेलं असतं, त्याच सुरात इथेही इष्टमित्रांना बोलावणं आहे.

गाव चक्रावतं आणि संध्याकाळी नटूनथटून त्या घरी हजर होतं. काहीतरी खेळ असणार, अशी प्रत्येकाची समजूत. आपण सहजच इकडून चाललो होतो, असं प्रत्येक जण सांगतो. साडेसहाचे ठोके पडतात, दिवे जातात, दार उघडतं, टॉर्चचा झोत सगळ्यांच्या डोळ्यांवर येतो, गोळ्या सुटतात. उजेड होतो तेव्हा जमिनीवर एक अनोळखी तरुण मरून पडलेला असतो.

अगाथा ख्रिस्तीची ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ ही कादंबरी जून १९५० मध्ये आली. तिचं पन्नासावं पुस्तक म्हणून प्रकाशकांनी ते वाजतगाजत बाजारात आणलं होतं. मी ते पहिल्यांदा वाचलं कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, ग्रंथालयातली खाकी कव्हर घातलेली प्रत, एका रात्रीत. तोवर बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाढलेल्या मला पाठलाग, वेषांतर आणि पिस्तूल यांची सवय. इथे तर चहा, केक, विणकाम आणि शेवंतीची फुलं. तरीही पानं भराभर उलटली, कारण एकच प्रश्न डोक्यात होता, खुनी कोण? पहाटे तो कळला, मी पुस्तक मिटलं आणि आता यात आपल्यासाठी काही उरलं नाही, असं समजून दुसऱ्या दिवशी परत करून टाकलं.

ती समजूत चुकीची होती, हे कळायला मला वीसेक वर्षं लागली. खुनी कोण हे कळल्यावरच ही कादंबरी खऱ्या अर्थाने सुरू होते, असं आता मी मनापासून मानते. म्हणून पुढे मी काहीही लपवून ठेवणार नाही. ज्यांना पहिल्या वाचनाची धडधड हवी आहे, त्यांनी आधी पुस्तक वाचावं आणि मग इकडे यावं.

आधी त्या गावाबद्दल. महायुद्ध संपून तीन वर्षं झाली असावीत, कारण २९ ऑक्टोबर आणि शुक्रवार यांचा मेळ १९४८ च्या कॅलेंडरात बसतो. जिंकलेला देश, पण हातात रेशनकार्ड. ब्रिटनमध्ये जानेवारी १९४० मध्ये सुरू झालेलं खाद्यपदार्थांचं रेशनिंग पुरतं संपायला जुलै १९५४ उजाडावा लागला. लोणी, साखर, मांस सगळं मोजून. कोळसाही जपून वापरायचा. चिपिंग क्लेगहॉर्नमधली माणसं म्हणूनच घराच्या मागच्या दारांना कुलूप लावत नाहीत. कुणाच्या शेतावर लोणी निघालं की शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात थोडं गुपचूप ठेवून यायचं, त्याने परसातली भाजी आणून ठेवायची. कायद्याला हे मंजूर नाही, गावाला आहे. खुनाचा तपास करणाऱ्या इन्स्पेक्टर क्रॅडॉकला हा सगळा व्यवहार कळतो तेव्हा त्याच्या लक्षात येतं, की या गावात कुणीही कुणाच्याही घरात केव्हाही शिरू शकतं.

शिरणारं माणूस खरंच कोण आहे, हे मात्र कुणीच सांगू शकत नाही. या कादंबरीचा कणा मला इथे दिसतो. रहस्य उलगडणारी म्हातारी मिस मार्पल क्रॅडॉकला समजावते, की पंधरा वर्षांपूर्वी खेड्यात प्रत्येकाला प्रत्येक जण माहीत असे. नवं कुटुंब राहायला आलं तर कुणाच्या तरी ओळखीची चिठ्ठी घेऊन येई, कुणाचा तरी आतेभाऊ, कुणाच्या तरी पलटणीतला सहकारी. आता मोठी घरं विकली गेली, छोटी घरं दुरुस्त करून त्यांत नवी माणसं आली. कुणी हाँगकाँगहून, कुणी हिंदुस्थानातून. आपण अमुक आहोत असं ती सांगतात आणि ते मान्य करण्यावाचून दुसरा इलाज नसतो. युद्धात सरकारने प्रत्येकाला ओळखपत्र दिलं होतं, ते १९५२ पर्यंत चाललं. पण सर्वसामान्यांच्या त्या कार्डावर ना फोटो, ना अंगठ्याचा ठसा. नाव लिहिलेला एक कागद, इतकंच.

या गावात एक निवृत्त कर्नल आहे, हिंदुस्थानातून नुकता परतलेला. मी भारतीय वाचक म्हणून त्याच्यापाशी थांबते. आपल्याकडे १९४७ मध्ये जे घडलं, त्याचा एक छोटासा पडसाद त्या खेड्यातल्या एका बैठ्या घरात उमटला आहे. साम्राज्य आवरतं घेतल्यावर माणसं मायदेशी परतली. पण ज्या गावात ती राहिली, तिथे त्यांना लहानपणी पाहिलेलं कुणीच नव्हतं. ख्रिस्ती त्यावर भाषण देत नाही. ती फक्त एक घर उघडते आणि विचारते, हा सांगतो तोच हा आहे, हे तुम्हांला कशावरून कळलं?

लिटल पॅडॉक्सची मालकीण आहे लेटिशिया ब्लॅकलॉक. साठीची, करारी, सगळ्यांना आदर वाटावा अशी. गळ्यात मोठ्या मोत्यांची कंठी, नेहमीच. तिच्या आश्रयाला राहते डोरा बनर, तिची शाळेतली मैत्रीण. डोरा विसरभोळी, बडबडी, हळवी. ती आजारी आणि निर्धन झाली होती, एकटी पडली होती. मैत्रिणीला तिने पत्र लिहिलं आणि मैत्रीण तिला घरी घेऊन आली. डोरा तिला लाडाने लेटी म्हणते. बोलण्याच्या ओघात कधी कधी तिच्या तोंडून लॉटी निघून जातं.

इंग्रजीत एका अक्षराचा फरक. देवनागरीत लिहिलं तर एका मात्रेचा. छापील पानावर वाचकाला वाटतं, खिळे जुळवणाऱ्याची चूक असेल. मीही तेच समजून पुढे गेले होते. ख्रिस्तीने सगळं रहस्य त्या एका मात्रेत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ठेवलं होतं.

घडलं होतं ते असं. लेटिशियाला एक धाकटी बहीण होती, शार्लट. लॉटी. तिला गलगंड झाला. वडील स्वतः डॉक्टर, पण जुन्या वळणाचे आणि हट्टी. शस्त्रक्रियेवर त्यांचा विश्वास नव्हता. गाठ वाढत गेली तशी शार्लट माणसांतून उठत गेली. लोकांसमोर येणं बंद, बाहेर जाणं बंद. लेटिशिया लंडनमध्ये एका बड्या धनिकाची सचिव होती. ती बहिणीला लांबलचक पत्रं लिही, कुणाला भेटले, काय पाहिलं, बायकांनी कसले कपडे घातले होते. घरात कोंडलेल्या मुलीसाठी जगाची एक खिडकी उघडी ठेवायची ही धडपड. वडील गेल्यावर तिने नोकरी सोडली आणि बहिणीला घेऊन स्वित्झर्लंड गाठलं.

स्वित्झर्लंडच का, याला एक खरा इतिहास आहे. समुद्रापासून दूर असलेल्या त्या डोंगराळ मुलखाच्या मातीत आयोडीन कमी, त्यामुळे गलगंड तिथे पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी होता. त्यातूनच थायरॉइडच्या शस्त्रक्रियेचं शास्त्रही तिथे वाढलं. बर्नचे सर्जन थिओडोर कोखर यांना १९०९ मध्ये याच कामासाठी नोबेल मिळालं. पुढे १९२२ पासून स्विस लोकांनी मिठात आयोडीन घालायला सुरुवात केली. ख्रिस्तीने दोन्ही महायुद्धांत इस्पितळाच्या औषध विभागात काम केलं होतं. शरीर आणि औषध यांच्या बाबतीत ती मोघम लिहीत नाही.

शस्त्रक्रिया यशस्वी झाली. गळ्यावर फक्त एक व्रण राहिला. आयुष्य आता सुरू होणार होतं आणि तेवढ्यात लेटिशियाच न्युमोनियाने गेली. त्या धनिकाच्या मृत्युपत्राप्रमाणे त्याची आजारी बायको वारल्यावर सगळी संपत्ती लेटिशियाला मिळायची होती, पण ती तोवर जिवंत असेल तरच. शार्लटने बहिणीचं नाव घेतलं. दोघींपैकी कुणालाच ओळखत नसलेल्या गावात घर घेतलं, व्रणावर मोत्यांची कंठी बांधली आणि लेटिशिया ब्लॅकलॉक म्हणून राहायला लागली. स्विस इस्पितळात तिला पाहिलेला एक तरुण अकस्मात समोर आला, म्हणून ती जाहिरात, तो अंधार आणि तो पहिला खून.

इथपर्यंत ही रहस्यकथा आहे, उत्तम बांधलेली. पण दुसऱ्या वाचनात माझा हात थबकला तो डोरापाशी.

मिस मार्पल आणि डोरा गावातल्या ब्लूबर्ड कॅफेत कॉफी पीत बसल्या आहेत. डोरा बोलते आहे. शाळेचे दिवस, गरिबीची वर्षं, मैत्रिणीचे उपकार, कुणावर तरी संशय, मग मधेच दिवाणखान्यातला टेबलावरचा दिवा. जाहिरातीच्या दिवशी तिथे मेंढपाळ मुलीची चिनी मातीची बाहुली असलेला दिवा होता आणि दुसऱ्या दिवशी त्या जागी मेंढपाळ मुलाचा दिवा आला, असं तिचं म्हणणं. कुणी तिच्याकडे लक्ष देत नाही. बिचारी गोंधळते, असं सगळे धरून चालतात. मिस मार्पल मात्र ऐकते. दिवा खरंच बदललेला असतो. पहिल्या दिव्याच्या वायरचं आवरण खरवडून तार उघडी केलेली होती. शेजारच्या फुलदाणीतलं पाणी त्या तारेवर ओतलं की फ्यूज उडून घरभर अंधार. पाणी ओतून घेतल्यामुळेच फुलदाणीतली व्हायोलेटची फुलं सुकली होती. थंडी असूनही दिवाणखान्यात शेकोटी नव्हती, सेंट्रल हीटिंग चालू होतं. आलेला प्रत्येक पाहुणा त्याबद्दल बोलतो आणि वाचक ते शिष्टाचाराचं बोलणं समजून सोडून देतो. शेकोटी असती तर तिच्या उजेडात अंधार पुरा झाला नसता.

या कादंबरीत तीन बायकांचं म्हणणं कुणी मनावर घेत नाही. एक डोरा, जिला सगळे वेंधळी समजतात. दुसरी मित्झी, मध्य युरोपातून आलेली निर्वासित स्वयंपाकीण, जिला सगळे खोटारडी समजतात. तिसरी मिस मर्गाट्रॉइड, मैत्रिणीबरोबर कोंबड्या-डुकरं पाळणारी, जिला सगळे भोळी समजतात. त्या रात्री ही मर्गाट्रॉइड दाराच्या मागे होती. बाकीच्यांचे डोळे टॉर्चने दिपले, हिला मात्र टॉर्चच्या उजेडात खोली दिसली आणि त्या खोलीत कोण नव्हतं, हेही दिसलं. डोराचं आणि मर्गाट्रॉइडचं म्हणणं वेळीच कुणी गंभीरपणे ऐकून घेतलं असतं तर पुढचे दोन खून झाले नसते. मित्झीबद्दल लेखिकेचाही हात थोडा चुकला आहे, असं मला वाटतं. जिचं घरदार युद्धात गेलं, तिच्या भीतीवर पुस्तकात जागोजागी हसू काढलेलं आहे आणि आज ते वाचताना टोचतं. तरी शेवटी खुनी माणसाला बोलतं करण्यासाठी जीव धोक्यात घालून आमिष म्हणून उभी राहते ती मित्झीच. मिस मार्पल स्वतः या तिघींच्याच रांगेतली चौथी आहे, म्हातारी, अविवाहित, विणकाम घेऊन कोपऱ्यात बसलेली. ऐकायला कुणी तयार नसलेल्या माणसांचं ती ऐकते, कारण ती त्यांच्यातलीच एक आहे.

आता डोराचा मृत्यू. तिचा वाढदिवस येतो. मित्झी एक अप्रतिम केक करते, चॉकलेटचा, त्या दिवसांत दुर्मीळ झालेल्या जिनसांचा. गावातली मंडळी जमतात. डोरा लहान मुलीसारखी खुलते. मग डोकं दुखतं म्हणून मैत्रिणीच्या उशाजवळच्या बाटलीतल्या ॲस्पिरिनच्या गोळ्या घेते आणि झोपते. ती पुन्हा उठत नाही.

पहिल्यांदा वाचताना मला वाटलं होतं, विष लेटिशियासाठी होतं आणि चुकून डोराने घेतलं. वाचकाला तसंच वाटावं, अशी लेखिकेची इच्छा होती. दुसऱ्यांदा वाचताना सगळं माहीत होतं आणि ती वाढदिवसाची संध्याकाळ मला वाचवेना. ज्या बाईने हा समारंभ मांडला, तिनेच गोळ्या बदलून ठेवल्या आहेत. जिला मारायचं, तिला आधी एक सुखाचा दिवस द्यायचा आहे. तो केक खोटा नाही आणि ते प्रेमही खोटं नाही, म्हणूनच तो प्रसंग इतका असह्य आहे. शार्लट ब्लॅकलॉक मुळात क्रूर नव्हती, दुबळी होती, असा मिस मार्पलचा निवाडा आहे. दयाळू आणि दुबळं माणूस घाबरलं की कुठवर जाऊ शकतं, हे मला त्या वाढदिवसाने शिकवलं.

डोराचा अपराध काय होता? ती मैत्रिणीला लहानपणच्या नावाने हाक मारत होती.

हे लिहिताना मला माझी आजी दिसते. आजीची दोन नावं होती, तिच्या पिढीतल्या बहुतेक बायकांची असत तशी. लग्नात ताटात तांदूळ पसरून आजोबांनी अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं आणि माहेरचं नाव त्या तांदळांतच मिसळून गेलं. रेशनकार्डावर नवं, बँकेच्या पासबुकावर नवं, आम्हां मुलांना ठाऊक असलेलंही नवंच. जुनं नाव जिवंत होतं ते फक्त एका माणसाच्या तोंडी. वाईहून वर्षातून दोनदा एसटीने तिची बालमैत्रीण साताऱ्याला आमच्या घरी यायची, कापडी पिशवीत घरच्या हळदीची पुडी घेऊन. पायरीवर चपला काढता काढताच ती आजीला हाक मारायची. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते त्या दोघींचं होतं. ती हाक ऐकली की माजघरातून आजी ज्या चालीने बाहेर यायची, ती चाल एरवी कधी दिसत नसे. पदर खोचायची राहून जायची. मग दोघी मेथीची जुडी पुढ्यात घेऊन बसत. पानं खुडणं चालू, बोलणं चालू आणि आमच्यापैकी कुणी जवळ गेलं की बोलणं जरा थांबायचं. सासूबाई, आई, काकू, आजी या सगळ्यांच्या आत दडलेली एक फ्रॉकमधली मुलगी त्या दोन दिवसांत आमच्या घरात वावरत असे.

म्हणून डोराचं लॉटी मला तपासाचा धागा वाटत नाही. सगळी हयात आजारात आणि मग खोट्या नावात दडून गेलेल्या शार्लटला ती जशी होती तशी ओळखणारं जगात एकच माणूस उरलं होतं. त्या माणसाला घरी आणणं धोक्याचं होतं, हे तिला कळत नव्हतं असं नाही. तरी तिने आणलं, कारण एकटेपण त्या धोक्याहून मोठं होतं. आणि शेवटी तिने मारलं तेही डोरालाच, ज्या ओळखीची भूक होती त्याच ओळखीपायी.

ही कथा मी पडद्यावर पाहिली ती पुस्तकानंतर बऱ्याच वर्षांनी. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मामेबहिणीने डीव्हीडीचा संच पाठवला होता, बीबीसीच्या मिस मार्पल मालिकेचा. १९८४ ते १९९२ या काळात बीबीसीने मिस मार्पलच्या बाराच्या बारा कादंबऱ्यांची रूपांतरं केली आणि सगळ्यांत मिस मार्पल एकच, जोन हिक्सन. ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ १९८५ च्या सुरुवातीला तीन भागांत दाखवली गेली. पटकथा ॲलन प्लेटर यांची, दिग्दर्शन डेव्हिड जाइल्स यांचं. मिस मार्पलचं गाव सेंट मेरी मीड म्हणून या मालिकेत हॅम्पशायरमधलं नेदर वॉलप दिसतं. चिपिंग क्लेगहॉर्नसाठी त्यांनी डॉर्सेटमधलं पॉवरस्टॉक निवडलं. दगडी भिंती, चढउताराचे अरुंद रस्ते, मधे चर्च.

हिक्सन यांचा जन्म १९०६ चा. ही भूमिका मिळाली तेव्हा त्या अठ्ठ्याहत्तरीच्या उंबरठ्यावर होत्या. चाळीसच्या दशकात ख्रिस्तीने त्यांना आपल्या एका नाटकात पाहिलं होतं आणि तुम्ही कधीतरी माझी मिस मार्पल व्हावं, अशा आशयाची चिठ्ठी पाठवली होती. ती चिठ्ठी खरी व्हायला चाळीसेक वर्षं जावी लागली आणि तोवर ख्रिस्ती राहिली नव्हती. १९७६ मध्ये ती गेली. मधल्या काळात, १९६१ मध्ये, मार्गारेट रदरफर्ड मिस मार्पल झालेल्या एका सिनेमात हिक्सन यांनी कामवाल्या बाईची छोटी भूमिका केली होती. ज्या पात्राची वाट पाहायची, त्याच्याच आसपास केरवारे करत उभं राहायचं, असं काहीसं. मला या वाट पाहण्यात अन्याय दिसत नाही. चाळिशीतल्या हिक्सनना ते डोळे जमले नसते. ते फिकट निळे डोळे समोरच्या माणसावर स्थिर होतात, सुया चालूच राहतात आणि बोलणारं माणूस बोलत राहतं, कारण इतकं लक्ष देऊन त्याचं कुणी कधी ऐकलेलंच नसतं. हिक्सन यांच्या अभिनयात हुशारीचा तोरा कुठेही नाही. जे कळतं ते कळल्याचं दुःखच चेहऱ्यावर येतं.

पुस्तक जे करू शकत नाही, ते या रूपांतराने माझ्यासाठी दोन ठिकाणी केलं. पहिलं म्हणजे ती मात्रा. कागदावर लेटीचं लॉटी डोळ्यांना दिसतं आणि खटकतं. पडद्यावर ते कानांवरून जातं. रेने ॲशर्सन यांची डोरा इतकी मायेने आणि इतकी भरभर बोलते, की बदललेला स्वर बोलण्याच्या ओघात वाहून जातो. मी रिमोटने मागे जाऊन पुन्हा ऐकलं. खऱ्या आयुष्यातही नावं अशीच निसटतात. दुसरं म्हणजे अर्सुला हॉवेल्स यांचा चेहरा. मला सगळं आधीच माहीत असल्यामुळे मी मिस ब्लॅकलॉकला पाहतच नव्हते, मी शार्लटला पाहत होते. डोरा हाक मारते त्या क्षणी ही काय करते? रागावते का, दचकते का? पुस्तकात ख्रिस्तीला तिच्या मनात शिरता येत नाही, शिरली तर रहस्य फुटेल. नटीला मात्र दोन्ही बाया एकाच वेळी अंगावर वागवाव्या लागतात, अनोळखी प्रेक्षकासाठी एक आणि परत आलेल्या प्रेक्षकासाठी दुसरी. हॉवेल्स यांच्या लेटिशियात एक दमलेपण आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते वयाचं वाटेल. मला ते सतत दुसऱ्याच्या नावाला ओ देण्याचं वाटलं.

आणखी एक जागा सांगते. मर्गाट्रॉइडची भूमिका जोन सिम्स यांनी केली आहे, ब्रिटिश विनोदी सिनेमांतून घरोघरी पोचलेल्या नटीने. तिची करडी, कणखर मैत्रीण हिंचक्लिफ झाल्या आहेत पाओला डायोनिसॉटी. दोघी मिळून त्या रात्रीचा प्रसंग परत उभा करून पाहतात, कोण कुठे होतं, काय दिसलं. भोळ्या मैत्रिणीला उलगडा होतो आणि ती ओरडून सांगते, पण हिंचक्लिफला कामासाठी निघायचं असतं, ती गाडी काढते. परत येते तेव्हा दोरीवरचे कपडे काढायला गेलेली मर्गाट्रॉइड गळा आवळून मारलेली असते. एरवी सगळ्यांवर ओरडणारी ही बाई त्यानंतर जशी गप्प होते, ते मी विसरू शकत नाही. सोबत म्हणजे काय, ते सोबत गेल्यावर तिच्या खांद्यांत दिसतं. दोघींच्या नात्याला पुस्तकातही नाव दिलेलं नाही आणि पडद्यावरही नाही. त्याची गरजही भासत नाही.

यानंतरही हे पुस्तक पडद्यावर आलं आहे. २००५ मध्ये आयटीव्हीने केलं तेव्हा जेराल्डिन मॅकएवन मिस मार्पल होत्या आणि झोई वॉनामेकर लेटिशिया. त्याच्या कितीतरी आधी, १९५६ मध्ये, अमेरिकन टीव्हीवर ग्रेसी फील्ड्स यांनी मिस मार्पल केली होती. प्रत्येक रूपांतर आपापल्या काळाचं असतं. पण १९८५ ची ही मालिका घाई करत नाही आणि मला वाटतं, या कथेला घाई मानवत नाही. चहा कपात ओतायला जितका वेळ लागतो, तितका तिला द्यावाच लागतो, कारण पुरावा त्या वेळातच आहे. एकाच शब्दाचं एका पत्रात ई ने सुरू होणारं स्पेलिंग आणि दुसऱ्या पत्रात आय ने, सुकलेली फुलं, तुटलेली कंठी आणि गळ्याकडे झेपावलेला हात. इतक्या लहान गोष्टी घाईच्या नजरेला सापडत नाहीत.

शेवटी स्वयंपाकघर. मित्झीने काहीतरी पाहिल्याचं सांगितलं आहे, म्हणून शार्लट तिचं डोकं पाण्यात दाबू पाहते. त्या क्षणी मागून एक आवाज येतो, मेलेल्या डोराचा, तीच लाडिक हाक. शार्लट कोसळते. आवाज मिस मार्पलने काढलेला असतो. तिला आवाजाची नक्कल साधते आणि ती जवळच्या फडताळात दडून बसलेली असते. शार्लटला तिथे बेड्यांची भीती मोडत नाही. ती मोडते त्या हाकेने, आणि रडते ती डोरासाठी. ते रडणं खरं होतं, असं मिस मार्पल मानते. मीही मानते.

आजीची ती मैत्रीण आजीच्या आधी गेली. वाईहून पोस्टकार्ड आलं, वरचा कोपरा रीत म्हणून फाडलेला, आणि पत्त्यावर आजीचं सासरचं नाव. आजीने ते वाचून देवघराच्या फळीवर ठेवलं आणि पोळ्या लाटायला घेतल्या. त्यानंतर सात-आठ वर्षं ती जगली. शेवटच्या महिन्यांत तिला माणसं ओळखू येईनाशी झाली. आम्ही आजी म्हणायचो, आई म्हणायचो, ती डोळे उघडत नसे. एका दुपारी घरात दुसरं कुणी नव्हतं आणि मला ते जुनं नाव आठवलं. पायरीवर चपला काढता काढता ती जशी हेल काढून म्हणायची, तसं मी आजीच्या कानाशी म्हटलं.

तिने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं नाही. दाराकडे पाहिलं, बराच वेळ.

मी पुन्हा ते नाव उच्चारलं नाही. जी हाक माझी नव्हती ती मी मारली होती, आणि दारात कुणी नव्हतं.